बादलीवरचा हसल

ड्वेन व्होसबर्गची मातृभाषा इंग्रजी, पण तेवीस वर्षं त्यानं तिच्यातला एकच शब्द झिजवला: हसल. म्हणजे पळा, जीव तोडून पळा, का ते विचारू नका. आयोवातल्या त्या गावात तो शाळेच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचा कोच. पाणी प्यायला जायचं, हसल. चेंडू गोळा करायचे, हसल. आजीला पुरून एक पोरगी उशिरा आली, तर तिलाही हसल. स्वतः मात्र उलट्या बादलीवर उशी टाकून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत बसलेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

सामन्याची वही लिहिणाऱ्या मार्लीनला त्याची किळस यायची. पण तिची मुलगी केंड्रा संघात होती, म्हणून ती गप्प बसे.

केंड्राचं शाळेतलं शेवटचं वर्ष. हा सामना जिंकला तर राज्यस्पर्धा. एक धाव कमी होती, पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, जॉसलिन. केंड्रानं चेंडू उंच उडवला. चेंडू झेलला गेला तर पुढे पळालेलीला मागे फिरावं लागतं, म्हणून जॉसलिन वाटेत थांबली. थांबायचंच असतं. मागून येणारी केंड्राही पाय आवरू लागली, तेवढ्यात बादलीवरून आरोळी आली.

"केंड्रा! हसल! बघतेस काय, पळ!"

चार वर्षांची सवय. पोरगी सुसाट सुटली ती जॉसलिनला ओलांडूनच गेली. चेंडू कुंपणापार पडला, म्हणजे दोघींच्या धावा आणि सामना खिशात; पण पंचानं केंड्राला बाद दिलं. पुढचीला ओलांडलं की बाद, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. जॉसलिनच्या धावेनं नुसती बरोबरी झाली. पुढच्या डावात हरल्या.

मोसम संपल्यावर शाळेत सगळ्यांचं जेवण होतं. व्होसबर्ग भाषणाला उठला. "एकजण वाटेत उभी राहिली, म्हणून आपण घरी बसलो." जॉसलिननं काटा खाली ठेवला. समोरचं बटाट्याचं कॅसरोल त्याच्या डोक्यावर उपडं करावं, असं मार्लीनला वाटलं.

"आणि यंदाचा हसल चषक, केंड्रा!"

केंड्रा उठली. जॉसलिनच्या टेबलाशी गेली, तिला हाताला धरून उठवलं, पुढे घातलं आणि तिच्यामागून सावकाश चालू लागली. चषक धरून व्होसबर्गचा हात अवघडला.

"अगं, हसल!"

"पुढे जॉसलिन आहे, कोच," केंड्रा म्हणाली. "ओलांडलं की बाद होतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"