पुन्हा गोठलेली मासळी

माझी आत्या मासळीच्या शीतगृहात माल तपासायची. तिने नाक मुरडलं की पेटी बाद. घरातही तिच्यासमोर शिळी भाजी वाढायची कुणाची टाप नव्हती.

त्या वर्षी समुद्राचं पाणी बरेच दिवस कोमट होतं. वादळ त्याच उबेवर पोसलं. पाण्याची वाफ होऊन वर गेली, वर तिचे ढग झाले, ढग होताना सुटलेल्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली आणि खालची जागा भरायला चहूकडून वारा गरगरत धावला. किनारा ओलांडल्यावर पायाखालचं ऊबदार पाणी संपलं आणि वादळाने मान टाकली. वीज मात्र आठवडाभर आली नाही. शीतगृहाच्या बंद दाराआड मासळीचा बर्फ सुटला, ती पाझरली, नासली. मग वीज आली आणि सगळं पुन्हा दगडासारखं गोठलं. वाससुद्धा.

"छान कडक आहे माल," मॅनेजर म्हणाला. "ताई, हा वादळग्रस्तांच्या छावणीत द्यायचाय. फोटोवाला बाहेर थांबलाय. तुम्ही फक्त हो म्हणा."

आत्याने एक मासा कोमट पाण्याच्या बादलीत सोडला. थोड्या वेळाने पोटावर बोट ठेवलं, तर बोट आतच गेलं. करडा, बुळबुळीत रस मनगटापर्यंत ओघळला. मॅनेजरने घाईने नाकाला रुमाल लावला.

"हे पुरून टाका," आत्या म्हणाली.

"पुरायला ट्रक कुठून आणू? रस्ते बघितलेत का? आणि मसाला टाकला की काही कळत नाही हो. उपाशी माणूस कुठे वास घेत बसतो?"

"मग दोन पेट्या वहिनींकडे पाठवते. आज तुमच्याच घरी होऊन जाऊ दे."

"जीभ आवरा. नोकरी नकोशी झालीय का?"

तो केस सारखे करत फोटोवाल्याकडे गेला. त्याच्या अत्तराचा वास मागे रेंगाळत होता. आयुष्यभर माशांची आतडी उपसलेल्या आत्याला तोच सोसवेना.

फरशी धुवायचं फिनेल कोपऱ्यात होतं. तिने पेट्यांची झाकणं एकेक करून उघडली आणि सगळ्यांवर ते ओतलं.

मॅनेजर फोटोवाल्याला घेऊन परत आला तेव्हा पेट्यांतून पांढरं पाणी ठिबकत होतं.

"हे काय केलंत?"

"आता टाका मसाला," आत्या म्हणाली आणि एप्रनची गाठ सोडायला लागली.