वर गेलेले साचे

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरगावात घरी मेथी निवडत होते. जुडी संपवली, मग उठले. धाकटा भाऊ माझा, पण मी धावत गेले म्हणून तो उठून बसणार नव्हता.

लालबागच्या गाळ्यात तो प्लास्टिकच्या बुचांचे साचे करायचा. तेलाच्या, औषधाच्या बाटल्यांची बुचं. साच्यांची ड्रॉइंगं कागदावर असायची. एकदा वरच्या मजल्यावरची टाकी फुटली आणि त्यातल्या निम्म्यांचा लगदा झाला. तेव्हा त्याच्या मुलाने, मंगेशने, उरलेलं सगळं कॉम्प्युटरवर घेऊन क्लाउडवर चढवलं. म्हणजे इंटरनेटने दुसऱ्या कुणाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. मला म्हणाला, "आत्या, आता काळजी नाही. सगळं वर गेलं."

"वर गेलेलं परत येत नाही रे," मी म्हटलं.

सुधाकर हसत सुटला. "आक्का, मी वर जाईन. ड्रॉइंगं राहतील."

सोय होती, नाही म्हणत नाही. पुण्याचं गिऱ्हाईक तिथे बसून साचा बघायचं. नेट गेलं की मात्र काम अडायचं आणि सुधाकर स्टुलावर बसून शिव्या घालायचा... खातं त्याने आपल्याच नावावर, आपल्याच मोबाइलवर ठेवलं होतं. माझाही नंबर घाला, असं मंगेश सांगून थकला. "गाळ्याचा मालक कोण?" एवढंच तो विचारायचा.

तो गेल्यावरही त्याचा फोन वाजत राहिला. सुधाकरशेठ आहेत का, म्हणून लोक विचारायचे आणि त्याची बायको शैला रडायला लागायची. तेराव्यानंतर मंगेशने नंबर बंद करून टाकला. मग गाळ्यातला कॉम्प्युटर बिघडला. नव्यावर खातं उघडायला गेला, तर ओटीपी बापाच्या बंद नंबरवर. नंबर परत मिळेना. क्लाउडवाल्यांनी मृत्यूचा दाखला मागितला, वारसाचे कागद मागितले, पुढे उत्तरच देईनात. तेलवाल्याला आधीच्याच बुचाचा नवा साचा हवा होता. थांबला बिचारा थोडा... मग दुसरीकडे गेला. बाकीचेही गेले. मशिनं विकली. मंगेश आता शीवला दुसऱ्याच्या कारखान्यात जातो.

सुधाकर माझ्याकडे आला की आधी स्वयंपाकघरात शिरून त्याच्या बुचाची तेलाची बाटली उलटी धरायचा. थेंब पडला नाही की मगच चहा मागायचा. परवा वाण्याकडून तेच तेल आणलं आणि बाटली उलटी धरली. ओट्यावर ओघळ आला. फडकं घेऊन पुसला.