धुतलेला कोळसा

आलेखावरची रेघ जिथे खाली यायला हवी होती, तिथे ती निवांत वर चढत होती. जव्हारच्या आमच्या प्रयोगशाळेबाहेर धुके उतरले होते. भट्टीतली नळी काचेमागे जास्वंदीसारखी लाल दिसत होती. तेच सॅम्पल मी तिसऱ्यांदा तापवत होते.

कोळशात थोडा नायट्रोजन असतो. हवेविना तापवले की तो दोन वाटांनी बाहेर पडतो. एक वाट अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइडची. हे पुढे जळताना प्रदूषण करतात. दुसरी, आपल्या श्वासात असतो त्याच निरुपद्रवी नायट्रोजन वायूची. लोहासारखे उत्प्रेरक त्याला या दुसऱ्या वाटेला वळवतात. हे दाखवण्यासाठी मी लिग्नाइट, म्हणजे कोवळा कोळसा, आम्लात धुऊन खनिजमुक्त केला होता. तरीही तो पोटात लोह असल्यासारखा वागत होता; नायट्रोजन वायूची रेघ वर चढतच होती.

गाइड फोनवर म्हणाले, "तुमचं तुलनेचं सॅम्पलच खोटं ठरतंय. सोमवारपर्यंत कारण द्या, नाहीतर हा चॅप्टर थिसिसमधून काढा."

माझे दोन वर्षांचे काम त्या चॅप्टरमध्ये होते.

मी वहीतली प्रत्येक पायरी तपासली. शेवटच्या धुण्यापुढे जनीमावशींची सही होती. त्या इथल्या सर्वांत जुन्या लॅब असिस्टंट.

"मावशी, त्या दिवशी लाइट नव्हती. डिस्टिल्ड वॉटरचं मशीन बंद होतं. मग धुतलं कशानं?"

"पोशेऱ्याच्या झऱ्याचं पानी आनलं ना, दोन कॅन. जीपवाला म्हनला, कॅनचं बी तिकीट घेईन."

"झऱ्याचं?"

"तुमच्या मशीनच्या पान्याला चवच नाय, ताई. हे गोड हाय. दोन दिस ठेवलं का वर तांबूस साय धरते."

मी खुर्चीत बसले. तांबूस साय म्हणजे लोह. आम्लाने रिकामा झालेला कोवळा कोळसा पाण्यातले लोह धरून ठेवतो, आणि ते इतके बारीक विखुरते की थोडेसेही पुरते. माझा कोळसा पोशेऱ्याचा डोंगर प्यायला होता.

"चुकलं का माझं?" मावशींनी हळूच विचारले.

"माझं चुकलं. मी विचारलंच नव्हतं."

कोळसा पुन्हा आम्लात धुतला, मग डिस्टिल्ड वॉटरने. रेघ मुकाट खाली आली. त्यातलाच अर्धा मावशींच्या दुसऱ्या कॅनमधल्या पाण्यात भिजवला. रेघ धुक्यासारखी पुन्हा वर गेली. सोमवारी दोन्ही आलेख गाइडना पाठवले.

"चॅप्टर राहू द्या," त्यांनी कळवले. "शीर्षक बदला, त्यात पाणीही येऊ द्या."

मावशी भट्टीच्या काचेत पाहत होत्या. "म्हंजे पानी चांगलंच हाय."

हल्ली मी लेबलवर तापमान लिहिते, आम्लाची तीव्रता लिहिते आणि पाणी कोणत्या गावचे, तेही लिहिते.