मोठेबाबांच्या पट्टेरी खुर्च्या

आमच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या आहेत. टेबल नाही.

टेबल चिमूरला आहे, माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिला आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो. आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, अहेरीला लाकडाच्या डेपोत होते. जंगलातल्या कुठल्याशा जुन्या डाकबंगल्याचं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी हा सेट उचलला. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर बाईनं टेबल नेलं आणि मी खुर्च्या. (आम्ही खुर्चीवर बसून ताट मांडीवर घेतो, ती रिकाम्या टेबलाशेजारी चटईवर जेवते. पण वाटणी अगदी सारखी झाली, याचं दोघांनाही समाधान!)

खुर्च्या म्हणजे अस्सल सागवान. पाठीला वेलबुट्टी, पायांना वाघनखं, आणि बसायला मरून रंगाची मखमल. त्या देताना बाईनं मला बजावलं होतं, “विलास, घेऊन जा. पन कायलेबी हात नोको लावशील. तुले बिना कामाचं बसता येत नाई.”

ते खरंच होतं. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात माझी सगळी नोकरी मशिनी दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीला थोडे महिने उरले आणि साठलेली रजा संपवायला मला घरी पाठवलं, तिथून घात झाला. पहिल्या आठवड्यात मी मिक्सर उघडला. मग दारावरची बेल उघडली. (ती तेव्हापासून कोणी दाबली तर वाजत नाही आणि कोणी नसलं तर वाजते.) मग कूलर उघडला. तो जोडून झाल्यावर खाली दोन स्क्रू आणि एक वस्तू उरली. वस्तू कशाची ते मला कळलं नाही, म्हणून मी ती देव्हाऱ्यामागे ठेवली. शेवटी माझ्या बायकोनं, शोभानं, माझी हत्यारांची पेटी तांदळाच्या कोठीत लपवली.

“एका जागी बसा नं जी जरासे!” ती म्हणाली.

मी खरंच बसलो. मोठेबाबांच्या खुर्चीवर. आणि बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं की मखमल उसवली आहे!

त्यातच आमच्या मुलीचं, मयूरीचं, लग्न ठरत आलं होतं. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलंच होतं, आता फक्त मोठ्यांनी बसून बोलायचं होतं. मुलाचे वडील अहेरीकडचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळा मुलूख त्यांना गुरुजी म्हणायचा आणि टरकून असायचा. रविवारी ते सहकुटुंब येणार होते. असा माणूस उसवलेल्या मखमलीवर बसवायचा? मी तांदळात हात घातला.

कापड आणायला मखमलीच्या दुकानात जायला हवं होतं. पण मोबाईलवर कुठल्याशा व्हिडिओत मी ऐकलं होतं की जुन्या फर्निचरला हल्ली ‘कॅज्युअल लुक’ देतात. जंगल सफारीच्या रस्त्यावर टुरिस्ट लोकांसाठी टी-शर्ट विकणारं एक दुकान आहे. तिथे उरलेल्या कापडाचा गठ्ठा मिळाला. पिवळंधमक, त्यावर काळे पट्टे. खास वाघछाप!

“किती टी-शर्ट शिवता, भाऊ?” दुकानदारानं विचारलं.

“टी-शर्ट नाई. खुर्च्या.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी न मागता दिली.

घरी येऊन मी पंखा सुरू केला आणि पहिल्या खुर्चीची मखमल फाडली. आत काटेसावरीचा कापूस होता, ही माहिती मला कापूस बाहेर आल्यावर मिळाली. तो छताला गेला, भिंतीला गेला, वरणात गेला. मयूरी ऑफिसातून आली ती दारातच थांबली.

“बाबा, चंद्रपुरात बर्फ पडला काय?”

“पंखा बंद कर!”

“पंखा दिसून नाई राह्यला!”

मग मी जुन्या गादीचा फोम कापून बसवला आणि वरून कापड ताणलं. खुर्चीला ठोकायच्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. त्या दिवशी मी मुठीमुठीनं चुका केल्या. कापड ताणलं जाणारं असल्यानं काही खुर्च्यांवर पट्टे उभे आले, काहींवर आडवे, आणि एका खुर्चीवरचा वाघ तर जरा आजारीच दिसत होता.

“कापड धुतलं होतं का आधी?” शोभानं विचारलं.

“नवं कापड कोन धुते!” मी म्हणालो. (हे वाक्य आता आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.)

रविवारी सकाळच्या एसटीनं बाई आली. चपला काढल्या, पाणी प्याली, आणि बसायला म्हणून वळली ती तशीच उभी राहिली.

“विलास, हे काय होय?”

“खुर्च्या होय, बाई.”

“ते मले दिसून राह्यलं. यायले झालं काय?”

“कॅज्युअल लुक.”

बाईनं एका सीटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. “मोठेबाबा सणावारीच बसत होते या मखमलीवर. आम्हाले तर पाय धुऊन आल्याबिगर टेकू देत नव्हते.” मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती ओरडली नाही, चटई अंथरून भिंतीशी बसली. मी जरा जवळ गेलो, तर म्हणाली, “जा. तुह्ये पाहुणे येतीन.”

पाहुणे दुपारी आले. गुरुजी म्हणजे उंच, ताठ, वरपासून खालपर्यंत पांढरेशुभ्र. कडक इस्त्रीचा पायजमा असा की त्याच्या घडीनं भाजी चिरावी. सोबत त्यांच्या सौभाग्यवती आणि मुलगा. गुरुजींनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते बसले. शेजारी मीही बसलो. माझा पायजमाही त्या दिवसापुरता पांढराच होता.

मे महिना. चंद्रपूरचं ऊन. कूलर सुरू होता, पण त्यातून निव्वळ गरम वारा येत होता. (देव्हाऱ्यामागची वस्तू म्हणजे पाण्याचा पंप होता!) गुरुजी घामानं निथळत होते, पण हलत नव्हते. मुलांच्या शिस्तीवर बोलले, लग्नातल्या डीजेवर बोलले, मी हो जी, हो जी करत गेलो. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं त्या खुर्च्यांवर छान शिजलो.

“घामाघूम झालो बापा. जरा अंगनात हवेले जातो,” म्हणत गुरुजी उठले आणि दाराकडे वळले.

माझ्या हातातला कप हातातच राहिला. समोरून पांढरेशुभ्र असलेले गुरुजी मागून पिवळे झाले होते, आणि त्या पिवळ्यावर काळे पट्टे. अगदी ठसठशीत! शोभानं पाहिलं, तिनं तोंडावर पदर धरला आणि डोळ्यांनी मला सांगितलं: जा मागं!

मी गुरुजींच्या पाठीला चिकटून निघालो. ते थांबले की मी थांबायचो. ते डावीकडे वळले की मीही डावीकडे.

“तुमी असे मांगं मांगं काऊन येऊन राह्यले?”

“आमच्या इकडे पाहुण्याले एकटं सोडत नाई, गुरुजी.”

“मंग जरा लांबूनच नोका सोडू.”

मी दोन पावलं मागे सरलो आणि तेवढ्यात घात झाला. मेंदीच्या कुंपणाशी त्यांचा चष्मा पडला. तो शोधायला गुरुजी झुडपात वाकले. त्यांना झाकायला मीही त्यांच्यामागे वाकलो. आणि वरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला नेमक्या आमच्या शेजारीण काकू आल्या.

“वाघ!” काकू किंचाळल्या. “अगा बाई, वाघ! झाडोऱ्यात वाघ हाय!”

आमच्या वीज केंद्राच्या वसाहतीत या शब्दावर कोणी शंका घेत नाही. अधूनमधून तो खरंच येतो. बघता बघता थाळ्या वाजू लागल्या, दारं आपटली, कंपनीची बस जागेवर थांबली, पहारेकरी शिट्टी फुंकत आला आणि शिट्टी फुंकतच मागे गेला.

“एक नाई, दोन हायेत! जोडीनं हायेत!” काकू ओरडल्या.

वाघ आहे म्हटल्यावर गुरुजी चष्म्याविना उठले आणि जे सुटले! मीही सुटलो. दोन वाघ! म्हणजे एक गुरुजी असले, तरी दुसरा खरा असणार! आम्ही घराकडे धावलो, आणि मागून सगळी वसाहत ओरडली, “घरात घुसले! घरात घुसले!”

आम्ही आत शिरून कडी लावली. गुरुजी दाराला पाठ लावून उभे, मी त्यांना पाठ लावून उभा, दोघांची छाती भात्यासारखी. “कोनी बाहेर जाऊ नोका!” गुरुजींनी शाळेतल्या आवाजात हुकूम सोडला आणि खिडकीतून बघायला वळले.

भिंतीशी चटईवर बसलेली बाई आधी नाकातून हसली. मग खांद्यांनी. मग तिला धरायला शोभाला धावावं लागलं.

“गुरुजी,” डोळे पुसत बाई म्हणाली, “वाघ बाहेर नाई. एक तुमच्या मांगं हाय, आन् दुसरा आमच्या विलासच्या मांगं.”

गुरुजींनी मान वळवली. दिसेना. आणखी वळवली. मग ते स्वतःभोवती एक पूर्ण चक्कर फिरले. मीही फिरलो. मला दिसलं, आणि काकूंचा दुसरा वाघ कोण ते कळलं.

मयूरी आतल्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या मनात एकच विचार: झालं, मोडलं. पोरीचं लग्न माझ्या हातांनी मोडलं. हात जोडायला गेलो तर हातही पिवळे!

गुरुजींच्या मिशा हलल्या.

“शाळेतले पोट्टे मले मांगून वाघ म्हनत,” ते म्हणाले. “मले वाटे, उगाच म्हनतात.”

त्यांच्या सौभाग्यवती इतक्या हसल्या की मुलानं त्यांना पाणी दिलं, आणि मग तोही पाण्याचा ग्लास घेऊन हसत बसला. बाहेर जमलेल्या माणसांना शांत करायला शेवटी गुरुजीच माझी लुंगी नेसून ओट्यावर गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “घाबरू नोका! वाघ सोयरे हायेत!” म्हणजे लग्न ठरलं, हे मला, मयूरीला आणि सगळ्या वसाहतीला एकदमच कळलं.

दुसऱ्या दिवशी बाईनं छोट्या टेम्पोत खुर्च्या घालून चिमूरला नेल्या. म्हणाली, मखमल ती स्वतः बसवून घेईल आणि मगच खुर्च्या परत पाठवेल, आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होईपर्यंत मी चिमूरला यायचं नाही. टेम्पो निघताना मी एका खुर्चीचा ढिला पाय फक्त बघायला गेलो, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. पण हसत मारली.

त्याच आठवड्यात शोभा कडक साडी नेसून माझ्या ऑफिसात गेली. मला बरं वाटलं. म्हटलं, निवृत्तीच्या सत्काराचं विचारायला गेली असेल, शाल देतात की नुसतंच श्रीफळ. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. म्हणाले, शोभा त्यांना विचारत होती, “यायले अजून दोन वर्षं ठेवता येते का जी? पगार नाई देल्ला तरी चालते.”