आयरिश बस स्टेशनचा कट्टा

नवऱ्याच्या व्हिसावर डीमन या डच गावात आले आणि माझी आर्किटेक्चरची पदवी कपाटात गेली. बऱ्याच वर्षांनी तिथल्याच स्लोटरडाइक भागातल्या एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसने मला ट्रायलवर घेतलं. जमलं तर पक्की नोकरी, नाहीतर पुन्हा घर.

काम होतं आयर्लंडमधल्या एका शहराच्या बस स्टेशनच्या दुरुस्तीचं. साठच्या दशकातली इमारत, घडी घातल्यासारखं काँक्रीटचं छप्पर, आणि त्याखाली दर्शनी बाजूला गुडघाभर उंचीची लांबच लांब भिंत. मी तिच्या फोटोंच्या प्रेमातच पडले.

मीटिंगमध्ये आमचा प्रमुख म्हणाला, "ही भिंत नुसती अडचण आहे. पाडू या. तुला काय वाटतं?"

"येस सर," मी म्हणाले. तिथे सगळे त्याला नावाने हाक मारत. माझ्या तोंडून ते निघेना, मग चारचौघांत वडीलधाऱ्या माणसाचं म्हणणं खोडून काढणं तर दूरच.

घरी नवरा हसला. "अगं, मला दिवसभर अक्कल शिकवतेस आणि तिथे मूग गिळून बसलीस?" त्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे ब्रेड-चीज खात असताना मी बोलून टाकलं. "ती भिंत बसायला आहे. आमच्याकडे त्याला कट्टा म्हणतात. पिशव्या टेकवायच्या, गप्पा मारायच्या, विकत काही घ्यावं लागत नाही. बसणारे भिजू नयेत म्हणून तर छप्पर एवढं पुढे काढलंय."

"मग काल हो का म्हणालीस?" प्रमुखाने विचारलं.

"तुम्ही मोठे आहात म्हणून."

तो खरंच गोंधळला. "माझंच मत ऐकायला मी तुला कशाला ठेवू?"

माझे कान तापले. पण पुढच्या बैठकीत तोच त्या भिंतीसाठी माझ्यापेक्षा जोरात भांडला. काम देणाऱ्या आयर्लंडच्या मंडळींनी ऐकलं नाही. त्यांना प्रवेश रुंद हवा होता. छप्पर राहील, भिंत जाईल.

त्याच आठवड्यात माझी नोकरी पक्की झाली. नवऱ्याने पेढे आणले. मी ट्राममध्ये एकटीच हसत होते.

सोमवारी पहिलं काम आलं, पाडकामाचं ड्रॉइंग. पाडायचा भाग लाल दाखवायचा. जिच्यावर कधी बसले नव्हते ती भिंत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल करत गेले, आणि मला रडू आलं. मग खाली, ड्रॉइंग करणाऱ्याच्या चौकटीत, इतक्या वर्षांनी माझं नाव लिहिलं.