दहापैकी दहा बाहेर

लोकांनी तिकीट काढून माझी फजिती बघितली, आणि मीही त्यांच्यातच बसून बघितली, असं सांगितलं तर थाप वाटेल ना? चहा निवायच्या आत ऐकून घ्या.

मी मूळचा अकोल्याचा. पुण्यात येऊन अठरा वर्षं झाली, पण इथली स्तुती मला अजून कळत नाही बाप्पा. आमच्याकडे चांगलं म्हटलं की चांगलंच. इथं कोणी 'वा, छान' म्हटलं की घरी जाऊन बायकोला विचारावं लागतं, हे छान होतं की माझी खेचली? मंजिरी सदाशिव पेठेतली, त्यामुळे दुभाषी घरातच आहे.

दुसरं म्हणजे माझी उंची. सहा फूट दोन इंच. तिचा उपयोग आजवर माळ्यावरचे डबे काढण्यापुरताच. लेक रेवा सातवीत, शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. तिच्या एका सामन्यात मी भर मैदानात 'गोल!' म्हणून ओरडलो. तेव्हापासून तिनं बजावलंय, "बाबा, तू सामन्याला आलास तरी माझा बाबा म्हणून येऊ नकोस." सांगा, बापाला किती लागेल?

तर तिच्याच शाळेच्या मैदानावर एका सिनेमाचं शूटिंग ठरलं. कायम हरणाऱ्या बास्केटबॉल संघाची गोष्ट, विनोदी. त्यांना उंच माणसं हवी होती. म्हटलं, आता दाखवतोच पोरीला. गेलो. दिग्दर्शक चष्मेवाले, शांत गृहस्थ. म्हणाले, दहा बॉल टाका. टाकले. दहाच्या दहा बाहेर. शेवटचा तर कंपाउंडपलीकडे शेजारच्या क्लासच्या पार्किंगमध्ये गेला, तो आणायलाही मीच गेलो.

परत आलो तर दिग्दर्शक म्हणाले, "असा माणूस शोधून सापडला नसता."

घरी येऊन सांगितलं तर मंजिरी म्हणाली, अहो, टोमणा होता तो. पण दुसऱ्याच दिवशी फोन आला, पंधरा दिवसांनी शूटिंग आहे, यायचंय. मग मी तिला सुनावलं, बघ, तुझ्या पुण्यात एक तरी सरळ बोलणारा माणूस निघाला! चेंडू काय, कोणीही टाकेल. त्यांनी माझ्यातला छुपा खेळाडू ओळखला होता.

रेवानं वर्गभर सांगून टाकलं आणि मला शिकवायला घेतलं. रोज सकाळी सहाला मैदानावर. कोपर आत घे, गुडघे वाकव, रिंगकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस. माझे खांदे भरून आले, घरभर मलमाचा वास सुटला, पण पंधरा दिवसांत दहातले सात आत जायला लागले.

शूटिंगच्या दिवशी रेवा मैत्रिणींना घेऊन दोरीपलीकडे उभी. दिग्दर्शक म्हणाले, त्या दिवशी टाकलात तसाच टाका. मी म्हटलं, त्याहून चांगला टाकतो. टाकला. आत! पोरींनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा घेऊ म्हणाले. पुन्हा आत. तिसऱ्यांदाही आत गेला तेव्हा दिग्दर्शकांनी चष्मा काढून पुसला.

"हे काय चाललंय?"

"प्रॅक्टिस केली साहेब. पंधरा दिवस."

"कोणी सांगितली होती? अहो, दहापैकी दहा बाहेर गेले म्हणून तर तुम्हाला घेतलं. खेळता न येणारा माणूस हवा होता आम्हाला."

म्हणजे ती खरोखरची स्तुती होती! माझाही अर्थ चुकला आणि घरच्या दुभाष्याचाही. रेवाचं तोंड एवढंसं झालं. मग मुद्दाम चुकवून बघितलं, तर ते सोंग कॅमेऱ्यात लगेच दिसायला लागलं.

शेवटी दिग्दर्शक जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "जाऊ द्या. विजयाचा शेवटचा बास्केट तुम्हीच मारा. सगळा सिनेमा तुमच्या हातात आहे. मुलगी बघतेय."

झालं! कोपर कुठे, गुडघे कुठे, काही आठवेना. चेंडू सुटला तो खांबावर आपटला, तिथून माझ्या टकलावर आला आणि टकलावरून रेफरीच्या पोटात.

"कट. उत्तम," दिग्दर्शक म्हणाले. मी गयावया केली, साहेब, एक संधी द्या, विजयाचा बास्केट आहे. तर म्हणतात, तो हिरोनं कालच मारला.

सिनेमा लागला. माझा तो प्रसंग आला आणि थिएटर खदखदून हसायला लागलं. मी खुर्चीत जेवढा मावेन तेवढा खाली सरकलो. रेवाच्या शेजारी एक अनोळखी आजोबा होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, काय अभिनय केलाय हो त्या उंच माणसानं!

मी सावरून बसलो, घसा खाकरला. पण माझ्याआधी रेवाच बोलली, अगदी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या अभिमानानं.

"अभिनय नाहीये तो, आजोबा. माझा बाबा खरंच तसाच आहे."

माझा बाबा म्हणाली हो! मी मंजिरीकडे वळून हळूच विचारलं, ही स्तुती होती की टोमणा?

"पुण्यात जन्मलीये ती," मंजिरी म्हणाली. "दोन्ही."