शशिकलाची बेरीज

कांचन धारपुरे मूळची जळगावची. एकदा डोकं तापलं की समोर कोण आहे ते बघायची नाही. लग्न होऊन झिरकपूरला आली आणि दोन हजार चार साली चंदीगडच्या एका खासगी हॉस्पिटलात कंप्युटरवर रिपोर्ट काढायच्या नोकरीला लागली.

तिथली एक्स-रे तंत्रज्ञ शशिकला अमरावतीची. अख्ख्या हॉस्पिटलात मराठी बोलणाऱ्या या दोघीच, त्यामुळे डबा एकत्र. एक दिवस शशिकला म्हणाली, "कांचनताई, आता मूल व्हावं असं आहे आमच्या मनात. वर्षभरात माझ्या अंगावर किरणं किती पडली, एकदा बघून सांग ना."

किरणं मोजायला अंगावर बॅज लावतात. शशिकला सकाळी एक्स-रेला, दुपारी हृदयतपासणीच्या खोलीत, तिथेही एक्स-रे चालू ठेवूनच तपासतात. दोन्ही विभागांनी तिला आपापला बॅज दिलेला. वर्षाच्या रिपोर्टात तिच्या नावाच्या दोन ओळी होत्या, दोन्हींपुढे 'मर्यादेत'. कांचनने तो रिपोर्ट काढणारी क्वेरी उघडली. बेरीज कशाकशाप्रमाणे करायची ते सांगणाऱ्या 'ग्रुप बाय'मध्ये कर्मचारी क्रमांकाशेजारी विभागही घातलेला! घरातली साखर दोन डब्यांत भरायची आणि प्रत्येक डबा अर्धाच दिसतो म्हणून साखर कमी आहे म्हणायचं, तसला प्रकार. तिने 'विभाग' खोडला आणि क्वेरी पुन्हा चालवली. आता एकच ओळ आली, ती मर्यादेच्या बरीच वर.

कांचनचा नुसता संताप झाला. बाईच्या जिवाचे असे तुकडे करून मोजतात का? तो कागद छापून ती तडक कंप्युटर विभागाचे प्रमुख नरेश खुराना यांच्याकडे गेली. त्यांनी कागद बघितला, चहाचा घोट घेतला.

"पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलची सरकारी तपासणी आहे जी. तिचा एक बॅज काढून घ्या. टोटल आपोआप खाली येईल."

"टोटल येईल. किरणं कमी होतील का?"

"मॅडम, आपलं काम रिपोर्ट देण्याचं. बाकी यार, कशाला डोक्याला ताप?"

काय म्हणावं या माणसाला! लाज कोळून प्यायलेला. कांचनने कागद त्यांच्यापुढून ओढला, जिना उतरली आणि तो थेट शशिकलाच्या हातात दिला.

शशिकला शिशाचा जड एप्रन चढवत होती. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"दरवर्षी विचारत होते गं मी," ती म्हणाली. "दरवर्षी ठीक आहे म्हणायचे."

आतून डॉक्टरांनी हाक मारली. तिने एप्रन उतरवून खुंटीला अडकवला.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा, सर. मी आता आत येणार नाही."